उघडले नाही ते वाचले

पवारांबरोबर धारेस व देवासास, होळकरांबरोबर इंदुरास आणि शिंद्यांबरोबर उज्जयिनीस जी मराठी घराणी आली, त्यांना माळव्यात आता पावणेतीनशे-तीनशे वर्षे होत आली. या घरांतून एक गोष्ट बहुधा सारखीच आढळते. माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत एक जुनी पेटी असते. तिच्यात जाड फडक्यात बांधलेले कागदांचे रुमाल असतात. दसऱ्यास त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते. आणि कागद मोडीत असल्यामुळे घरातील कोणासही ते वाचता येत नाहीत. अशा कागदांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, असे हल्ली पुष्कळांच्या मनात येते. आमच्याही आले. त्या खटाटोपात आमच्या हातून जी चूक झाली, ती भरून येण्यासारखी नव्हती. तीच चूक दुसऱ्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

राजगढची पेटी

आमची पेटी राजगढास होती. राजगढ म्हणताच वाचकांच्या डोळ्यांपुढे पुण्याकडचा छत्रपतींचा राजगड उभा राहील. मध्यप्रदेशातील वाचकांना ब्यावऱ्याजवळचे, जिल्ह्याचे राजगढ आठवेल. आमचे राजगढ या दोहोंहून निराळे. धार जिल्ह्यात, सरदारपुरानजीक, मोहनखेड्याच्या जैन तीर्थामुळे यात्रेकरूंना ठाऊक असलेले हे गाव. तेथील जुन्या घरात आमच्या आत्याबाई एकट्याच राहत असत. २०१४ च्या वैशाखात त्यांना चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, कौलारू घराची एक बाजू खचली होती, आणि दिवाळीनंतर घर आवरून देवासास आमच्याकडे राहावयास येण्याचे त्यांनी अखेर कबूल केले होते.

पेटीत तीन रुमाल होते. त्यांतील जमिनीचे कागद, वसुलाचे हिशेब, सनदांच्या नकला यांविषयी आत्याबाईंना फारशी आस्था नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. "माझ्या आजीचे सासरचे नाव लक्ष्मी. माहेरी तिला काय म्हणत, ते या घरात कोणी कधी उच्चारले नाही," त्या म्हणाल्या. "वडील सांगत, तिच्या लग्नाची याद पेटीत आहे, तीत नाव असेल. वडील गेले, आणि मोडी वाचणारे घरात कोणी उरले नाही. माझ्या डोळ्यांना तर आता देवनागरीही दिसत नाही. तुम्ही एवढे शोधा."

आम्ही उभयता आणि आमचा पुतण्या असे तिघे दोन दिवसांसाठी गेलो होतो. पुतण्याने नवा डिजिटल कॅमेरा आणला होता. पहिल्या दिवशी पडवीत पाट मांडून त्यावर एकेक कागद पसरावयाचा, कडांवर फुलपात्री ठेवावयाची आणि वरून छायाचित्र घ्यावयाचे, असा क्रम चालला. दिवेलागणीपर्यंत दोन रुमाल पुरे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा रुमाल सोडला, तो पुतण्या थबकला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'बारा' हा आकडा दिसत होता. कार्डात अवघ्या बारा छायाचित्रांची जागा राहिली होती आणि कागद साठांच्या वर होते. त्याने कॅमेऱ्याच्या यादीत शिरून काही फिरवाफिरव केली, आणि बाराचा आकडा एकदम दोनशेच्या वर गेला! आम्ही त्याचे कौतुक केले. आता जागा मुबलक झाली म्हणून हातही भरभर चालू लागला. बाजार चार पावलांवर होता. तेथे दुसरे कार्ड विकत मिळाले असते. परंतु तिघांपैकी एकासही ते सुचले नाही. बारावरून दोनशेवर जाताना कॅमेऱ्याने मोबदल्यात काय घेतले, हेही आम्ही विचारले नाही.

देवासास परतल्यावर

घरी येऊन कार्ड संगणकास लावले, तो पहिल्या दिवसाचे एकही छायाचित्र उघडेना. प्रत्येक नावापुढे कोरा कागद दिसे, आणि ही फाइल कशाने उघडावी ते ठाऊक नाही, असा निरोप येई. दुसऱ्या दिवसाची छायाचित्रे मात्र चटकन उघडली. पुतण्याने काही फाइलींच्या नावाची शेवटची अक्षरे बदलून 'जेपीजी' अशी केली. तरीही त्या उघडल्या नाहीत. दुकानाची पाटी बदलल्याने आतला माल बदलत नसतो, हे पुढे कळले. बाजारातील एका दुकानदाराने कार्ड पाहून सांगितले, "कार्ड बिघडले आहे, साफ फॉरमॅट करून घ्या." आम्ही त्यास होकार देणार, इतक्यात आमच्या सौभाग्यवतींनी कार्ड परत मागून घेतले. "जे दिसत नाही ते नाहीच, असे कशावरून?" एवढेच त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने दोन रुमाल वाचले.

पुढे उलगडा झाला तो अगदी साधा. कॅमेऱ्याच्या खोक्यात कंपनीने दिलेली तबकडी वेष्टनही न फोडता पडली होती. तिच्यातील कार्यक्रम संगणकावर चढविताच पहिल्या दिवसाचा प्रत्येक कागद लख्ख उभा राहिला. कार्ड बिघडले नव्हते. कॅमेरा त्या दिवशी 'रॉ' या पद्धतीवर लावलेला होता, आणि आमच्या जुन्या संगणकास ती भाषा येत नव्हती, एवढेच.

काचेची प्लेट आणि कागदावरची छाप

रॉ आणि जेपेग या दोहोंतील भेद समजण्यास जुन्या छायाचित्रकलेकडे पाहावे. पुढे हैदराबादच्या निजामाकडून 'राजा' ही पदवी मिळविणारे लाला दीनदयाळ हे १८६६ मध्ये इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथेच त्यांना छायाचित्रणाचा नाद जडला. त्यांच्या काळी कॅमेऱ्यात काचेची प्लेट असे. प्लेटेवर उलटे चित्र उमटे, आणि तिच्यावरून हव्या तेवढ्या छापा कागदावर काढता येत. छाप गडद झाली तर पुन्हा फिकी काढावी; परंतु प्लेट फुटली तर सारेच संपले. त्यांच्या कित्येक प्लेटा आज दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत, त्या याच कारणासाठी.

रॉ फाइल ही डिजिटल कॅमेऱ्याची काचेची प्लेट होय. भिंगातून आलेला प्रकाश आतील चकतीने जसा मोजला, तसा तो तीत नोंदविलेला असतो. आमच्या कॅमेऱ्यात ही नोंद चौदा बिटांची होती. म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या. पडवीतल्या अपुऱ्या उजेडात पहिल्या दिवसाची छायाचित्रे पिवळट व काळोखी आली होती. तरी या पायऱ्यांच्या बळावर संगणकात पिवळेपणा काढता आला, काळोख उजळता आला, आणि कागदावर डोळ्यांना न दिसणारी फिकट शाईही वर आली.

जेपेग ही छाप होय. कॅमेरा स्वतःच रंग, उजेड, धार ठरवितो, पायऱ्या २५६ वर आणतो, आणि मग फाइल लहान व्हावी म्हणून चित्र दाबतो. या पद्धतीचे प्रमाण १९९२ साली ठरले. तिच्या मुळाशी असलेले गणित बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले, ही गोष्ट आपणा भारतीयांना अभिमानाची आहे. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडावयाचे, आणि प्रत्येक चौकोनातील जे बारकावे डोळ्यास सहसा जाणवत नाहीत ते सोडून द्यावयाचे, अशी ही युक्ती. माणसाचा चेहरा, आकाश, झाडे यांत ती इतकी बेमालूम साधते, की सारे जग आज तिच्यावर चालते. जेपेगला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र जे सोडून दिले ते पुन्हा मिळत नाही. जेपेग उघडून टिफ नावाने साठविली, तर फाइल मोठी होते, गेलेला बारकावा परत येत नाही.

तिसरा रुमाल

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट. ती छायाचित्रे चटकन उघडली म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पडद्यावर अख्खा कागद सुरेख दिसे. इंदुरास मोडी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्याकडे सारी छायाचित्रे नेली. पहिले दोन रुमाल त्यांनी घडघडा वाचले. तिसऱ्याशी आल्यावर त्यांनी अक्षरे मोठी करावयास सांगितली, आणि मोठी करताच ती विरघळली. रेषांच्या जागी चौकोनी डाग दिसू लागले.

कारण हिशेबाने सांगतो. आमच्या कॅमेऱ्याचे मोठे चित्र ५१८४ बाय ३४५६ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक कोटी ऐंशी लक्ष बिंदूंचे. पुतण्याने निवडलेले लहान चित्र १९२० बाय १२८० बिंदूंचे. म्हणजे बिंदू एकसप्तमांश. कागद सुमारे चौदा इंच लांब, आणि चित्राच्या लांबीचा चार पंचमांश भाग त्याने व्यापलेला. मोठ्या चित्रात कागदाच्या दर इंचास सुमारे २९५ बिंदू आले असते. लहान चित्रात ११० च आले. पाव इंच उंचीचे मोडी अक्षर सत्तावीस-अठ्ठावीस बिंदूंत, म्हणजे जेपेगच्या तीन-साडेतीन चौकोनांत बसविले गेले. मोडी ही हात न उचलता लिहावयाची लिपी. अक्षर कोणते, हे एखाद्या लहानशा गाठीवर किंवा वळणावर ठरावयाचे. ती गाठच चौकोनात बुडाली.

पुन्हा जाऊन तिसरा रुमाल नीट घेऊ, असे आम्ही ठरविले. आणि दिवाळीत घर आवरावयाचेच आहे, तेव्हा घेऊ, म्हणून पुढे ढकलले. त्या पावसाळ्यात खचलेल्या बाजूची कौले गेली. पेटी तिथेच होती. दिवाळीनंतर आम्ही ती उघडली, तेव्हा वरचा रुमाल भिजून, वाळून, विटेसारखा घट्ट झाला होता. जाणत्यांना दाखविला. पाने कदाचित सुटतीलही, ते म्हणाले, परंतु बोरूची शाई पाण्याने धुऊन गेली आहे.

तो तिसरा रुमाल होता. त्याच्यातील कागदांचे या जगात जे काही उरले आहे, ते आमच्या दुसऱ्या दिवसाच्या छायाचित्रांत. आणि लग्नाची याद त्यातच निघाली.

वृद्ध गृहस्थांनी भिंग घेऊन दोन सकाळी त्या एका ओळीवर घालविल्या. वधूच्या नावाचे पहिले अक्षर 'गो' स्पष्ट होते. शेवटचे 'बाई' हे स्पष्ट होते. मधली दोन अक्षरे गेली होती. गोपिकाबाई असेल, गोमतीबाई असेल, गोजराबाईही असेल. यापलीकडे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, असे म्हणून त्यांनी भिंग खाली ठेवले.

हे आत्याबाईंना सांगणे आम्हांला फार जड गेले. पुतण्या तर समोर येईना. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गो म्हणत असतील तिला घरी, लाडाने. एवढे तरी कळले." आणि पुतण्यास हाक मारून जवळ बसविले. २०१९ साली आत्याबाई गेल्या. तोपर्यंत दरवर्षी सर्वपित्री अमावास्येस त्या आजीच्या नावाने पान वाढीत, तेव्हा तिन्ही नावे घेत.

ज्यासाठी आम्ही डोळ्यांत पाणी आणले, ते सुरक्षित होते. आणि ज्यासाठी पुतण्याची पाठ थोपटली, तेथेच हानी झाली होती. फाइल उघडत नाही हा दोष दिसतो मोठा, परंतु तो बहुधा दूर होतो. बारकावा टिपलाच गेला नाही हा दोष दिसत नाही, आणि त्यावर औषध नाही. या दोहोंतील भेद ज्याने ओळखला, त्याला बाकीचे सारे सोपे आहे.

कॅमेरा लावताना

कॅमेऱ्याच्या यादीत 'इमेज क्वालिटी' आणि 'इमेज साइझ' अशा दोन गोष्टी असतात. काही कॅमेऱ्यांत त्या एकाच ठिकाणी असतात. पहिलीत रॉ, जेपेग किंवा दोन्ही, आणि जेपेग असल्यास ती किती दाबावयाची, हे ठरते. दुसरीत बिंदू किती, हे ठरते. दोन्ही तपासाव्यात. एक उत्तम आणि दुसरी हलकी राहिली, तर चित्र हलकेच येते.

कागदपत्रांसाठी 'रॉ अधिक जेपेग' हा पर्याय आम्ही सुचवितो. आमच्या देवासास १९४८ पर्यंत एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये नांदत होती. तसाच हा प्रकार. एकदा कळ दाबली की एकाच नावाच्या दोन फाइली होतात. धाकटी जेपेग ताबडतोब पाहावयास, नातलगांना पाठवावयास आणि दुकानातून छापून घ्यावयास. थोरली रॉ पेटीत जपून ठेवावयास. जागा अधिक लागते, यास्तव एक जादा कार्ड बरोबर असावे. ते कोणत्याही पश्चात्तापापेक्षा स्वस्त पडते.

यादीत रॉचा पर्याय पुसट दिसून निवडता येत नसेल, तर कॅमेरा बिघडला असे समजू नये. पुष्कळ कॅमेऱ्यांत स्वयंचलित दृश्ये, विस्तृत देखावा किंवा रंगांच्या करामती चालू असताना रॉ मिळत नाही. वरची चकती 'पी' या अक्षरावर आणून पुन्हा पाहावे.

पडद्यावरील शिल्लक छायाचित्रांचा आकडा हा आपला पहारेकरी होय. तो एकाएकी वाढला, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याची जागा घटली, एवढाच त्याचा अर्थ. पाठीमागच्या लहान पडद्यावर मात्र विसंबू नये. तेथे सारेच सुरेख दिसते. रॉ फाइलीच्या पोटात पाहण्यापुरती एक छोटी जेपेग असते आणि पडद्यावर तीच दिसते. म्हणूनच कॅमेऱ्यात दिसणारे चित्र संगणकावर उघडत नाही, याचे नवल वाटते. पहिला कागद घेताच त्यातील सर्वांत बारीक अक्षर पूर्ण मोठे करून पाहावे. ते वाचता आले, तर पुढे जावे.

रॉ उघडत नसेल, तर कॅमेरा करणाऱ्या कंपनीचा कार्यक्रम तिच्याकडून घ्यावा. तो बहुधा फुकट मिळतो. प्रत्येक कंपनीची रॉ निराळी असते, आणि कॅमेरा नवा व संगणकातील कार्यक्रम जुना असेल, तर त्याला ती ओळखता येत नाही. अडोबी कंपनीने २००४ मध्ये डीएनजी नावाची सर्वांना खुली अशी पद्धत काढली. तीत रॉ बदलून देणारा तिचा कार्यक्रमही फुकट आहे. संगणक हाताशी नसेल, तर कित्येक कॅमेऱ्यांतच रॉवरून जेपेग काढण्याची सोय असते.

मोबाइलने छायाचित्रे घेणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. २०१७ पासून आयफोन चित्रे 'एचईआयसी' या पद्धतीने साठवितो, आणि ती जुन्या संगणकावर उघडत नाहीत. तेथेही चित्र शाबूत असते. पुढची चित्रे जेपेगमध्ये हवी असल्यास 'सेटिंग्ज', 'कॅमेरा', 'फॉरमॅट्स' या क्रमाने जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे. आणि व्हॉट्सॲपवरून कागदाचे चित्र धाडताना ते 'डॉक्युमेंट' म्हणून धाडावे. साधे चित्र म्हणून धाडल्यास ते वाटेत पुन्हा दाबले जाते, आणि पलीकडच्या माणसाच्या हाती राजगढचा दुसरा दिवस पडतो.

काहीही झाले, तरी चित्रे दोन निराळ्या ठिकाणी उतरवून, उघडून पाहिल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करू नये. चुकून झालेच, तर त्या कार्डावर एकही नवे चित्र न घेता ते बाजूस ठेवावे. जाणत्यास त्यातून पुष्कळ परत काढता येते.

आमच्या पहिल्या दोन रुमालांच्या प्रती आज देवास, इंदूर व पुणे अशा तीन घरी आहेत. तिसऱ्याची विटेसारखी झालेली थप्पी आम्ही टाकली नाही. ती पेटीत, पहिल्या दोघांशेजारी आहे. दसऱ्यास तिन्हींवर हळदकुंकू पडते. आपल्या घरी असा रुमाल असेल, तर येत्या दसऱ्यास तो सोडून पाहावा. मात्र सोडण्यापूर्वी एकवार कॅमेऱ्याची यादी उघडावी.